पिल्लं काळी होईपर्यंत

श्रावणात पाऊस मध्येच चार-पाच दिवस दडी मारतो आणि असं ऊन पडतं की ओल्या मातीतून वाफ निघते. नागपुरात या उन्हाला कोणी चांगलं म्हणत नाही. अंग चिकचिकतं, शर्ट पाठीला चिकटतो, आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईक भांडायच्या तयारीनेच आलेलं असतं. माझ्या मोटर वायंडिंगच्या दुकानामागे एक रिकामा प्लॉट आहे. तिथे गुडघाभर पाणी साचतं. ऊन पडलं की त्या पाण्यावर चतुर घिरट्या घालू लागतात, लाल, पिवळे, एखादा निळा. हातातली मोटर तशीच उघडी टाकून मी मागच्या दारात जाऊन उभा राहतो. पाण्याकडे बघतो. त्या पाण्यात बेडकांशिवाय काही नाही हे मला माहीत आहे. तरी बघतो.

माझी बायको म्हणते, या दिवसांत मी घरात वावरायच्या लायकीचा नसतो. परवा जेवताना तिने स्पष्टच सांगितलं, "राग त्या मारोतीवर, अन् ताट माह्यापुढं आपटता. तीन वर्सं झाले. एक तर जाऊन भांडून या, नाहीतर सोडून द्या."

मी म्हणालो, "मी काहून जाऊ? चूक त्याची आहे."

ती म्हणाली, "हो. दर श्रावणात असते त्याची चूक."

भिवापूरकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की मालगुजारांच्या काळात बांधलेला एक जुना मालगुजारी तलाव आहे. नाव लिहीत नाही. गावातल्या ढिवरांची सोसायटी तो तलाव बघते. त्यात माशांचं बी सोडणं, राखण करणं, जाळी टाकणं हे सगळं त्यांचं. मारोती त्यांच्यातलाच. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, अंगाने काटक. एक डोळा बारीक करून बोलायची सवय, त्यामुळे तो नेहमी आपली थट्टा करतोय असं वाटतं. बहुतेक वेळा करतच असतो. सोसायटीच्या पंपाची मोटर जळाली म्हणून तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला. मी सांगितलेला भाव त्याने ऐकला, काही न बोलता मोटर उचलली आणि निघाला. मी दारापर्यंत जाऊ दिलं, मग हाक मारली. तो वळला नाही. रस्ता ओलांडून गेला. शेवटी मलाच पळत जावं लागलं. आयुष्यात मला असं पळायला लावणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं मला आवडलेलं हे एकच.

मासे धरायचा नाद मला लहानपणापासून नव्हता. लहानपणी मला कसलाच नाद परवडण्यासारखा नव्हता. बाराव्या वर्षी मी एका वायंडिंगच्या दुकानात झाडू मारायला लागलो आणि विसाव्या वर्षी त्याच रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान टाकलं. मधल्या वर्षांत जे शिकलो ते एवढंच, की समोरचा माणूस कधी वाकेल हे त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, आणि आपण वाकायचं नाही. नाद लागला तो चाळिशीनंतर, खापरखेड्याच्या कॉलनीतल्या एका इंजिनीअर साहेबांमुळे. ते निवृत्त होऊन गाव सोडून चालले होते. जुना पंप विकायचा म्हणून त्यांनी मला बोलावलं. पंपात काही दम नव्हता, पण कोपऱ्यात कापडी पिशवीत एक लांब, बारीक रॉड होता, बोटाने वाकवला तर वेताच्या छडीसारखा वाकणारा. मी विचारलं हे काय आहे. साहेबांचा चेहरा पालटला. अशा वेळी मी समजतो की वस्तू आता महाग झाली.

ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका वीज प्रकल्पावर काही वर्षं होते. सुट्टीच्या दिवशी ते खाडीच्या तोंडाशी, मांडीएवढ्या उथळ पाण्यात उभे राहायचे आणि या रॉडने टार्पन नावाचा मासा धरायचे. मोबाइलवर त्यांनी मला फोटो दाखवले. मासा कसला, नवा कोरा पत्रा पाण्यातून वर आल्यासारखा. माणसाएवढा लांब, खवले तळहाताएवढे. आणि त्याला धरायचं कशाने, तर गळावर बांधलेल्या दोन-तीन पिसांनी. वजन नाही, मांस नाही, काही नाही. वजन असतं ते दोरीला. चाबकासारखी ती मागे-पुढे फिरवायची आणि अशी सोडायची की पिसं पाण्यावर पडताना आवाजसुद्धा होऊ नये. टार्पन हवा घ्यायला वर येतो, पाण्याच्या कातडीवर अलगद लोळतो, तेव्हा त्याची जागा कळते. साहेब हाताने ते लोळणं करून दाखवत होते. त्यांच्या रिकाम्या झालेल्या घरात, बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये उभं राहून.

मी म्हणालो, "हवा घ्यायला वर येणारा मासा आमच्याकडंही आहे. मरळ."

त्यांनी मरळ कधी पाहिली नव्हती. इतकी वर्षं नागपूर जिल्ह्यात राहून!

त्या रॉडसाठी मी तीन रविवार खापरखेड्याला गेलो. पहिल्या रविवारी त्यांनी विकायचा नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्या रविवारी मी रॉडचा विषयच काढला नाही, त्यांचा फ्रिज खाली उतरवायला मदत केली. तिसऱ्या रविवारी तो माझा झाला. निघताना ते म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवा. मासा उडी मारेल तेव्हा ओढायचं नाही. रॉड त्याच्याकडे झुकवायचा, आपणही कमरेत वाकायचं, दोरी सैल सोडायची. नाहीतर दोरी तरी तुटते, नाहीतर त्याचं तोंड."

मी विचारलं, "म्हणजे हार मानायची?"

"नाही हो," ते म्हणाले, "तेवढ्यापुरतं त्याचं ऐकायचं."

हे मला कधी जमलं नाही. दोरी फेकणं जमलं, दुकानामागच्या प्लॉटवर महिनाभर सकाळी सराव करून. शेजारची पोरं गोळा व्हायची. पिसं बांधणं तर फारच चांगलं जमलं. कोंबड्याच्या मानेची पिसं, बकरीच्या शेपटीचे केस, आणि ते गळावर गुंडाळायला माझ्याच दुकानातली केसासारखी बारीक तांब्याची तार. वायंडिंगमध्ये एक वेढा दुसऱ्यावर चढला तर मोटर जाते. त्या शिस्तीने मी पिसं बांधायचो. उन्हात धरलं की तांब्याची तार अशी चमकायची की मारोती म्हणायचा, "माश्यायसाठी दागिने घडवून राहिला का गा?"

पहिल्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभा राहून मी दोरी फिरवायला लागलो तेव्हा तो बराच वेळ बघत बसला होता. बाजूला त्याची बायको, सुमनवहिनी, जाळ्याला शिसं ओवत होती. मारोतीने विचारलं, "गाई हाकलून राहिला का मासे धरून राहिला?"

सुमनवहिनी म्हणाल्या, "हसू नका वो. नवीन हायेत ते."

आणि त्याच दिवशी, हसणं संपल्यावर, मारोतीने मला तलावाचा नियम सांगितला. त्याने फार शब्द वापरले नाहीत. तलावाच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी आत येतं, तिथे उथळ पाणी होतं. गुडघ्यापर्यंतही नाही. त्यात गवत, कमळाची पानं, मधूनमधून मोकळ्या जागा. मरळ तिथेच राहते. त्याने एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. तेवढ्याच जागेवर बारीक पाऊस पडत असल्यासारखं पाणी नाचत होतं. बाकी सगळीकडे स्वच्छ ऊन. जवळ गेल्यावर दिसलं, जेवणाच्या ताटाएवढा लाल-केशरी पुंजका. सुईएवढी पिल्लं, शेकड्यांनी, सगळी एकदम हवेचा घोट घ्यायला वर येत होती आणि खाली जात होती. पुंजक्याखाली एक काळी पाठ स्थिर उभी होती.

"आई हाये खाली. बापही हाये कोठंतरी," मारोती माझ्या रॉडला बोट लावत म्हणाला. "लाल पिल्लं दिसले की काडी खाली. पिल्लं काळे होतेपर्यंत त्या मासोळीले हात नाही लावाचा. काळे झाले की ते आपापल्या वाटंनं जातात. मंग धर, पाहिजे तेवढी धर."

"किती दिवस लागतात काळं व्हायला?"

"आता याच्यातही भाव करशील का?" तो म्हणाला.

ढिवरांच्या जाळ्यातसुद्धा ती मासोळी आली तर ते सोडून देतात. आली तरच. मुळात त्या जागी जाळं टाकतच नाहीत. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पाळीवर पाटी नाही, दंड नाही. नियम मोडला तर काय होतं हे मी विचारलं नाही, कारण मला तो मोडायचा नव्हता. चार पावसाळे मी मोडला नाही. लाल पुंजका दिसला की रॉड काखेत धरून मी दुसऱ्या बाजूला जायचो, आणि मारोती लांबूनच हात वर करायचा. त्या चार वर्षांतल्या श्रावणाच्या सकाळी मी आठवतो तेव्हा आधी नाकाला आठवतात. शेवाळाचा वास, सुमनवहिनींच्या चुलीवरच्या चहाचा वास, वाटेतल्या नव्याने लावलेल्या मिरचीच्या वावरांतून येणारा ओल्या मातीचा वास. मग कानाला. गवतात मरळ हवा घेते तेव्हा एक आवाज होतो, कोणी ओठ मिटून एकदाच 'मप्' म्हणावं तसा. तो ऐकला की मान आपोआप वळते. पाण्यात पाय रोवून उभा असलेला मी, तळव्याखाली गार चिखल, डोक्यावर ऊन. तासन्‌तास कोणाशी भाव नाही, तंटा नाही. आयुष्यात मला अशी दुसरी जागा मिळालेली नाही. हे सांगताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मी धरलेली मरळ सोडून द्यायचो. साहेबांनी तेही शिकवलं होतं. गळाचा काटा पक्कडीने दाबून गुळगुळीत करायचा, हात ओले करायचे, मासा पाण्यातच धरून मोकळा करायचा. मारोतीला याचं फार नवल वाटायचं. "धरते अन् सोडते. मंग धरते कायले?" मी त्याला समजावायचो. मनातल्या मनात मला असंही वाटायचं की त्यांच्यापेक्षा मी जरा वरच्या पायरीवरचा आहे. तो मासे मारतो, मी मारत नाही. मी काही घेऊनच जात नाही, तर माझ्याकडून काय चुकणार?

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. असंच ऊन पडलं होतं. आदल्या संध्याकाळी एका कारखान्याच्या जुन्या मोटरींचा लॉट माझ्या हातातून गेला होता. दोन महिने मी त्या माणसामागे फिरलो, शब्द झाला, हातात हात दिला, आणि त्याने तो दुसऱ्याला देऊन टाकला. रात्रभर मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडलो. सकाळी तलावावर पोचलो तेव्हाही भांडतच होतो. दोरी नीट पडेना. गवतात अडके, कमळाच्या देठाला वेढे घेई. तीन तासांत एकही मरळ पिसांकडे फिरकली नाही. मारोती आणि सुमनवहिनी डोंग्याजवळ बसून जाळं सांधत होते, सोसायटीची आणखी तिघं-चौघं पाळीवर होती. आणि माझ्यासमोर, पंचवीस-तीस पावलांवर, एक मासा उठला.

पुढचं सगळं मी तीन वर्षांत इतक्या जणांना सांगितलं आहे की ते पाठ झालं आहे. दोरी अशी गेली जशी पूर्वी कधी गेली नव्हती. पिसं पडली, मी दोनदा हलकेच ओढली, आणि पाणी फुटलं. मासोळीने उडी मारली, अर्धं अंग बाहेर, डोकं झटकत. मी झुकलो नाही, उलट ओढलं. तरी गळ टिकला. गवतात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. हातात धरलं तेव्हा ती माझ्या कोपरापासून बोटांच्या पुढे वीतभर होती. मी गळ काढला, तिला पाण्यात धरलं, तिने दोन घोट हवेचे घेतले आणि गेली. रक्ताचा थेंब नाही. मी पाळीकडे बघून हात वर केला.

मारोती डोंगा घेऊन माझ्याकडे येत होता. पण तो माझ्यापाशी थांबला नाही. पुढे, जिथे मासा उठला होता तिथे गेला. मी पाण्यातून चालत त्याच्या मागे गेलो. तिथे आता पाणी नाचत नव्हतं. बोटाएवढे चंदेरी मासे गवताच्या मुळाशी झडप घालून वळत होते, पुन्हा झडप घालत होते. एक बगळा पाच पावलांवर उभा होता आणि आमच्याकडे बघून उडालासुद्धा नाही, इतका तो कामात होता. लाल पिल्लं उरली होती, नाही असं नाही. मूठभर, चार ठिकाणी पांगलेली. तोवर ती मासोळी कुठे होती कोणास ठाऊक. दमलेली, घाबरलेली, गवतात दडलेली असेल.

मारोती म्हणाला, "मासोळी सोडली, बरं केलं. पिल्लं कोन सोडन आता?"

मी म्हणालो, "मले पिल्लं दिसलेच नाही."

त्याच्या गप्प राहण्याचाच मला राग आला. पाळीवरची माणसं ऐकत होती. मी आवाज चढवला. एक मासा, तोही जिवंत सोडलेला, आणि तुम्ही जाळ्यात पाट्याच्या पाट्या मारता तेव्हा काय? मी काय खाल्ली का ती? आणि मग जे बोलायला नको ते बोललो. "तुमच्या पंपाची मोटर दोनदा फुकटात कोनं करून देल्ली? तवा नियम नाही आठवले?"

सुमनवहिनींनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मारोती म्हणाला, "उद्यापासून येजो नको, भाऊ." एवढंच. 'भाऊ' तो मला एरवी म्हणायचा नाही.

तीन वर्षं मी हा खटला चालवतो आहे. दुकानात, चहाच्या टपरीवर, साळ्याच्या घरी, लग्नाच्या पंगतीत. एका सोडलेल्या माशासाठी त्या माणसाने चार वर्षांची ओळख तोडली, चार लोकांत माझा अपमान केला. ऐकणारा प्रत्येक माणूस माझ्या बाजूने बोलतो. मी गोष्टच अशी सांगतो की दुसरा निकाल लागू नये. जिंकलेला माणूस शांत झोपतो म्हणतात. मी प्रत्येक वेळी जिंकतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नवा माणूस शोधतो.

या लेखात ते लिहून टाकतो. मला पिल्लं दिसली होती.

मासा उठला त्याच्या आधी मला ते नाचणारं पाणी दिसलं, आणि त्यातला लाल रंग दिसला. मी रॉड डोक्यावर धरून थांबलो होतो. दोन श्वास, कदाचित तीन. त्या दोन श्वासांत मी स्वतःशी जो सौदा केला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात झटपट सौदा असेल. सोडूनच तर देणार आहे. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तीन तास झाले. कालचा दिवस असा गेला, आजचा तरी जाऊ नये. मला हेही ठाऊक होतं की पिल्लांवरची मरळ भुकेने तोंड घालत नाही, जवळ येईल त्याला हाकलायला घालते. म्हणजे ती नक्की येणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच टाकली. गिऱ्हाईक अडलेलं आहे हे ओळखून मी भाव चढवतो, त्यातलाच हा प्रकार.

काल सकाळी मी गेलो. बायकोला सांगितलं, उमरेडला काम आहे. ती म्हणाली, "हो का? मंग ती लांब पिशवी कायले घेऊन राहिले?" मी रॉड गाडीत टाकला. वाटेत मी तयारी करत होतो. तो आधी काय म्हणेल, मी काय म्हणायचं, कुठे गप्प बसायचं. एक पावसाळा बाहेर ठेवलं असतं तर समजलो असतो, तीन म्हणजे अति झालं, यावर त्याला आणायचं. पिल्लं दिसल्याचं सांगायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. शेवटचा पत्ता म्हणून हातात ठेवला होता.

मारोती पाळीवरच होता. केस पांढरे झालेत. मला बघून त्याने तोच एक डोळा बारीक केला. "वायंडिंगवाले! काडी आनली का?"

मी म्हणालो, "गाडीत आहे. तू म्हणशील तर..."

"टाक ना. टाक जेथं टाकाची तेथं. आता कोनी नाही म्हनत नाही."

माझ्या धंद्यात पहिल्याच भावाला माणूस हो म्हणाला की मी हात मागे घेतो. अशी मोटर उघडली की आतून जळालेली निघते. मी मारोतीच्या खांद्यावरून तलावाकडे पाहिलं.

उन्हाळ्यात गाळ काढला होता. मोठी यंत्रं आली होती. चारी बाजूंनी काठ सरळ कापून काढला होता, विहिरीच्या भिंतीसारखा. पाणी भरपूर होतं, गढूळ, तोंडोतोंड. वरच्या अंगाचं गवत नव्हतं. कमळं नव्हती. गुडघाभर पाण्यात उभं राहावं अशी जागा दिसत नव्हती.

"पानी आता मे महिन्यापर्यंत पुरन म्हनतात," मारोती म्हणाला. "तेही पाहिजेच ना. आमीच हो म्हटलं. सोसायटीनं ठराव केला. उथळ जागा ठेवा म्हनून सांगाचं कोनाच्या ध्यानात नाही आलं. माह्याही नाही." त्याने वरच्या अंगाकडे हात केला. "यंदा लाल पिल्लं नाही दिसले गा. एकही पुंजका नाही."

मी वाटभर जमवलेलं सगळं बोलणं तसंच राहिलं. ज्याच्याशी भांडायला आलो होतो तो समोर होता, पण ज्यावरून भांडायचं ते राहिलं नव्हतं. सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. "या भाऊजी. बारीक झाले तुमी," म्हणाल्या, जणू मी मागच्या रविवारीच येऊन गेलो होतो. मी कप घेतला आणि त्यातल्या चहाकडे बघत म्हणालो, "मारोतभाऊ, त्या दिवशी मले पिल्लं दिसले होते."

"मले मालूम आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"तू थांबला होता ना. काडी वर धरून. आमी दोघंही पाहून राहिलो होतो. मी हिले म्हटलं, पाह्य, दिसले त्याले. आता खाली करन काडी."

सुमनवहिनींनी मान हलवली. "म्हटलं होतं यायनं."

मी विचारलं, "मग तवाच काहून नाही बोलला?"

"मी कायले बोलू? तू बोलशील म्हनून थांबलो. तर तू मोटर काढली." त्याने कप पाळीवर ठेवला. "मासोळीचं नाही गा. जाळ्यातही चुका होतात आमच्या. पन मी सोसायटीत सांगतलं होतं का हा मानूस आपल्यासारखा आहे, याले येऊ द्या. तिकडून ते चौघं पाहून राहिले होते. मी हिच्यापुढं म्हटलं, नाही टाकत तो. अन् तेवढ्यात टाकली तुवा."

तीन वर्षं मी ज्याला माझ्याविरुद्ध निकाल देणारा समजत होतो, तो माझ्या बाजूने उभा राहिलेला एकटा माणूस होता, आणि त्याला मी सगळ्यांदेखत तोंडघशी पाडलं होतं. माफ कर हे दोन शब्द मला बोलता येत नाहीत असं नाही. धंद्यात मी ते रोज बोलतो. म्हणूनच तिथे ते बोलावेसे वाटले नाहीत.

मारोती उठला, डोंग्याची दोरी सोडायला लागला. म्हणाला, "तिकडं, पानी येते त्या नाल्याच्या तोंडाशी यंत्र पोचलं नव्हतं. थोडं उथळ उरलं आहे. एखांदा पुंजका असन तर पाहून येतो."

"मी येऊ?"

"काडी गाडीतच राहू दे."

मी चपला काढल्या आणि डोंग्यात बसलो. नाल्याच्या तोंडाशी दोन खोल्यांएवढं गवत शिल्लक होतं. मारोती बांबूने डोंगा हळूहळू सरकवत होता, पाणी वाजू न देता, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना वाकून बघत होतो. ऊन डोळ्यांत जात होतं. एके ठिकाणी पाणी हललं असं वाटून मी हात वर केला. तो बेडूक होता. मारोती हसला नाही. अर्धं गवत बघून झालं तरी लाल काही दिसलं नाही, आणि उरलेल्या अर्ध्याकडे डोंगा वळवताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "दिसलं तर सांगजो."

मी म्हणालो, "सांगतो."